पर्यावरणाचे धोरण कसे घडते? इचलकरंजी आणि पंचगंगेचा अनुभव



पर्यावरणविषयक धोरण म्हटले की विधिमंडळाने संमत केलेला कायदा, राजपत्रातील अधिसूचना आणि मंत्रालयातून निघालेला शासननिर्णय यांचेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. चळवळ म्हटली की मोर्चा, निवेदन, ठिय्या आणि न्यायालयातील याचिका आठवतात. शासन एका तीरावर व चळवळ दुसऱ्या तीरावर असून मधून वादाचा प्रवाह वाहतो, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती कितपत खरी आहे, हे पारखून पाहण्यास इचलकरंजीसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. एकच नदी, तिच्या काठी उद्योगाने संपन्न झालेले नगर, त्या नगराच्या खालच्या अंगास शेती करणारी गावे आणि या सर्वांना लागू असलेला एकच कायदा, असा हा विषय आहे.

नगर आणि नदी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा आकारास येते. कोल्हापूर शहरास वळसा घालून ती हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतून वाहत जाते आणि सुमारे ८० किलोमीटरांचा प्रवास करून नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. राजर्षी शाहू छत्रपतींनी भोगावतीवर राधानगरी येथे जे धरण बांधावयास घेतले, त्याचे पाणी याच नदीतून खाली येते. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ ही त्यांतील परिचित नावे होत. पावसाळा संपला की या बंधाऱ्यांना बरगे घालून पाणी अडवावयाचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढावयाचे, ही व्यवस्था साऱ्या राज्याने कोल्हापूरकडून घेतली. ऊसशेतीची भरभराट तिच्यामुळेच झाली.

इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग चालविला आणि जहागिरीचे अधिपती नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगास आश्रय दिला. पुढे सहकाराची जोड मिळाली, सूतगिरण्या निघाल्या आणि लाखाहून अधिक यंत्रमागांचे हे नगर ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२२ मध्ये येथील नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. मागवाला, जॉबर, कांडी भरणारी स्त्री, हमाल, टेंपोचालक अशा हजारो कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते, ही गोष्ट पर्यावरणाचा विचार करतानाही दृष्टीआड करता येणार नाही.

मागावर कापड विणण्यास पाणी फारसे लागत नाही. सुतास खळ देणे, विणलेल्या कापडाची खळ काढणे, ते धुणे, विरंजन करणे, रंगविणे या क्रियांना मात्र पाणी विपुल लागते आणि वापरलेले पाणी खळ, सोडा, रंग व क्षार घेऊन बाहेर पडते. खळ कुजू लागली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. रंगामुळे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. क्षारांचा प्रश्न याहून कठीण आहे. जिवाणूंच्या साहाय्याने होणाऱ्या नेहमीच्या प्रक्रियेत खळीचा बराच भाग नाहीसा होतो, परंतु मीठ तसेच राहते. ते पाणी शेतास दिले तर ते जमिनीत उतरते. इचलकरंजीत सांडपाणी वाहून नेणाऱ्या एका प्रवाहास लोक ‘काळा ओढा’ म्हणतात. त्या नावातच त्याची सारी हकीकत आली.

तथापि हा सारा दोष एकट्या इचलकरंजीच्या पदरात टाकणे न्यायाचे होणार नाही. वरच्या अंगास कोल्हापूर शहराचे मैलापाणी जयंती व अन्य नाल्यांतून नदीत उतरत आले आहे. साखर कारखान्यांच्या मळीमिश्रित पाण्याविषयी तक्रारी झाल्या आहेत. काठावरच्या गावांची गटारेही नदीकडेच वळलेली आहेत. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की हे पाणी बंधाऱ्यामागे साचते, त्यावर जलपर्णी माजते आणि तेरवाडसारख्या ठिकाणी मेलेल्या माशांचा खच दिसू लागतो. जो बंधारा शेतीसाठी वरदान ठरला, तोच दूषित पाण्याचा साठा होतो.

कायदा आधी आला

महाराष्ट्राने या विषयात मागे राहून वाट पाहिली, असे कोणी म्हणू शकणार नाही. स्टॉकहोम येथे १९७२ मध्ये मानवी पर्यावरणविषयक जागतिक परिषद भरली. तिच्या आधीच महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा १९६९ चा अधिनियम केला होता आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले होते. संसदेचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये आला आणि महाराष्ट्राने १ जून १९८१ पासून तो स्वीकारला. १९७६ मधील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व व नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले. भोपाळची दुर्घटना डिसेंबर १९८४ मध्ये घडली आणि १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम तिच्या पाठोपाठ आला.

एवढे कायदे असताना नदी काळी का झाली, हा प्रश्न कोणाही शिक्षकास त्याचे विद्यार्थी विचारतील. त्याचे उत्तर कायद्याच्या स्वरूपात आहे. जल अधिनियम सांडपाणी सोडणाऱ्यास मंडळाची संमती घ्यावयास लावतो, तीवर अटी घालतो आणि मंडळास तपासणीचे अधिकार देतो. परंतु ओढ्याचा रंग कोणत्या रात्री बदलला, कोणत्या पहाटे मासे तरंगू लागले, पाण्यास कसला वास येत होता, हे पाहण्यास प्रत्येक बंधाऱ्यावर अधिकारी उभा नसतो. काठावरचा शेतकरी, मासेमार आणि गुराखी तेथे असतात. कायद्याला डोळे द्यावयाचे काम त्यांचे आहे. १९८८ च्या दुरुस्तीने हे तत्त्व कायद्यानेही मान्य केले. मंडळास साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकासही न्यायालयात फिर्याद नेण्याचा मार्ग तेव्हा या कायद्याखाली खुला झाला. त्याच दुरुस्तीने मंडळास उद्योग बंद करण्याचे व त्याचा वीज-पाणीपुरवठा तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकारही मिळाला.

१९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. वेल्लोर येथील नागरिकांच्या १९९६ मधील खटल्यात ‘प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग ठरले. तो खटला चर्मोद्योगाच्या सांडपाण्याविषयी होता आणि तो नेणारे गावचेच लोक होते.

मात्र एकदा ठरलेले धोरण कायम टिकतेच असे नाही. महाराष्ट्राने २००० साली नद्यांच्या काठापासून ठराविक अंतरात प्रदूषणकारी उद्योगांना निर्बंध घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण आखले. २००९ मध्ये त्यात बदल झाले आणि उद्योगवाढीस ते अडसर ठरते, या भूमिकेतून २०१५ मध्ये ते मागे घेण्यात आले. जे धोरण जागरूक लोकमताच्या आधाराविना उभे असते, ते मागे घेतले जाताना फारसा आवाज होत नाही. ही गोष्ट नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

काठावरून न्यायासनापर्यंत

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ पसरली आणि अनेकांना प्राणास मुकावे लागले. या प्रकारची कावीळ मैल्याने दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्यातून फैलावते. नदीचा प्रश्न तोवर खालच्या गावांचा, शेतकऱ्यांचा व मासेमारांचा समजला जात होता. तो एकाएकी शहराच्या घराघरांत येऊन ठेपला. पंचगंगेच्या प्रदूषणाबाबत नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केल्या. न्यायालयाने राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून, म्हणजे ‘नीरी’कडून, उपाययोजनांविषयी अहवाल घेतला आणि अंमलबजावणीवर देखरेखीसाठी पुण्याच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

या घटनेतून धोरण घडण्याची रीत स्पष्ट होते. याचिकेने नवा कायदा केला नाही. जे कायद्यात आधीच होते, ते करवून घेण्याची सक्ती तिने निर्माण केली. महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, पाटबंधारे विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ व उद्योग या सर्वांची स्वतंत्र दप्तरे समितीमुळे एका मेजावर आली. तोवर नदी एक होती, पण तिची फाईल मात्र सहा ठिकाणी होती. कोल्हापुरात कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर मैलापाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र उभे राहिले. इचलकरंजीत कापड प्रक्रिया उद्योगांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची व्यवस्था झाली.

राष्ट्रीय पातळीवरही असेच घडले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते आणि पंचगंगेचा समावेश त्यांत होता. यासंबंधी वृत्तपत्रात आलेल्या बातमीची राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली आणि प्रत्येक राज्यास नदी पुनरुज्जीवन समिती नेमून कृती आराखडे करण्यास सांगितले. शासकीय मोजमाप, वृत्तपत्र, न्यायाधिकरण आणि पुन्हा शासन असा हा क्रम आहे. यातील एकही दुवा गळाला असता, तर आराखडा झाला नसता.

पाण्यासाठी शेजाऱ्यांच्या दारी

श्रोतेहो, प्रदूषणाचा खर्च केवळ औषधांत किंवा मेलेल्या माशांत मोजून भागत नाही. इचलकरंजीने तो आणखी एका रीतीने भोगला आहे. नदी दाराशी असून तिचे पाणी पिण्यास भरवशाचे राहिले नाही, म्हणून नगराने शिरोळ तालुक्यातील मजरेवाडी येथून कृष्णेचे पाणी आणले. ते अपुरे पडू लागले आणि जलवाहिनीस गळती लागू लागली. शहरास दिवसांच्या अंतराने पाणी मिळणे नित्याचे झाले. मग वारणेचे पाणी दानोळी येथून आणण्याची योजना पुढे आली, तेव्हा वारणाकाठच्या गावांनी तीव्र विरोध केला. त्यानंतर कागल तालुक्यातील सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी आणण्याची योजना मंजूर झाली आणि दूधगंगाकाठ विरोधात उभा राहिला. इचलकरंजीचे नागरिक हक्काच्या पाण्यासाठी रस्त्यावर आले, तर त्या त्या खोऱ्यातील शेतकरी आपल्या पाण्याच्या रक्षणासाठी.

दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक होते आणि दोहोंची गरज खरी होती. परंतु वारणाकाठच्या वा दूधगंगाकाठच्या शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. दारातली नदी नासली म्हणून दुसऱ्याच्या नदीवर यावयाचे काय, असा तो प्रश्न होता. शिरढोण, तेरवाड, कुरुंदवाड या खालच्या गावांनी नेमके हेच गाऱ्हाणे फार पूर्वी वरच्या गावांपुढे मांडले होते. ते वेळीच ऐकले गेले असते, तर नगरावर शेजाऱ्यांची दारे ठोठावण्याची पाळी कदाचित आली नसती. वरच्या गावाने खालच्या गावाचे म्हणणे ऐकणे ही औदार्याची बाब राहिलेली नाही. त्यात वरच्या गावाचेही हित आहे.

इतरत्रचा अनुभव

तामिळनाडूतील तिरुप्पूर हे इचलकरंजीसारखेच कापडाचे नगर. तेथील रंगाई कारखान्यांचे क्षारयुक्त पाणी नोय्यल नदीत जात असे. खाली शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपाळयम् धरणात ते साचू लागले आणि सिंचनाचे धरण सांडपाण्याचे तळे बनले. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये कारखान्यांनी सांडपाण्याचा एकही थेंब बाहेर सोडू नये, असे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते उचलून धरले. तरीही पालन झाले नाही, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने सर्व रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. हजारो कामगार बेकार झाले. त्यानंतर राज्य शासनाने बिनव्याजी कर्ज देऊन सामायिक केंद्रांना क्षार वेगळे काढण्याची यंत्रणा पूर्ण करण्यास साहाय्य केले आणि पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची पद्धत रुळली.

या हकीकतीत दोन बोध आहेत. जे तंत्र परवडत नाही असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, ते अखेरीस अमलात आले. आणि टाळाटाळीचा सर्वांत मोठा दंड ज्याने पाणी सोडले त्याला न होता ज्याच्या हाताला काम होते त्याला झाला. म्हणून इचलकरंजीत प्रक्रियेची शिस्त लावणे हे कामगाराच्या विरुद्ध नाही. आज टप्प्याटप्प्याने केलेली सुधारणा उद्याचा एकाएकी पडणारा टाळा वाचविते.

दूरच्या युरोपातही वरचा-खालचा हा तंटा चुकलेला नाही. फ्रान्समधील पोटॅशच्या खाणींचे मीठ ऱ्हाइन नदीत जात असे आणि खाली नेदरलँड्समधील रोपवाटिकांना ते बाधत असे. तेथील रोपवाटिकाधारकांनी दावा लावला. जेथे नुकसान झाले तेथील न्यायालयातही असा दावा चालू शकतो, असा निर्णय १९७६ मध्ये युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने दिला. पुढे १९८६ मध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामास लागलेल्या आगीने नदी विषारी झाली, तेव्हा काठावरच्या देशांनी १९८७ मध्ये एकत्र कृती कार्यक्रम आखला. अनेक राष्ट्रांना जे साधले, ते एकाच जिल्ह्यातील तीन-चार तालुक्यांना असाध्य का वाटावे?

चळवळीची आणि प्रशासनाची कसोटी

चळवळीचे बळ तिच्या घोषणेपेक्षा तिच्या पुराव्यात असते. नदीतून बाटली भरून ती अधिकाऱ्याच्या मेजावर ठेवल्याने लक्ष वेधले जाते, परंतु न्यायालयात ती पुरावा म्हणून टिकत नाही. कायद्यानुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितास सूचना देऊन, विहित रीतीने घेतलेला, मोहोरबंद केलेला आणि मान्य प्रयोगशाळेत तपासलेला नमुनाच ग्राह्य धरला जातो. म्हणून काठावरच्या गावाचे काम त्या अधिकाऱ्यास योग्य वेळी योग्य जागी आणण्याचे आहे. मासे मेल्यानंतर तिसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात कित्येकदा काहीच सापडत नाही, कारण पाणी तोवर पुढे गेलेले असते.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी. दिनांक, वेळ, बंधाऱ्याचे नाव, बरगे घातलेले की काढलेले, पाण्याचा रंग व वास, माशांची स्थिती आणि मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयास कळविल्याची वेळ एवढे रकाने पुरेत. वर्षभराची अशी नोंद ग्रामसभेच्या ठरावासह सादर झाली, तर ती निव्वळ तक्रार राहत नाही. ती दस्तऐवज बनते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी, स्वच्छता, लघु पाटबंधारे व मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींच्या कक्षेत आणले आहेत. तेव्हा नदीविषयी ठराव करण्याचा पंचायतीचा अधिकार कोणी उसना द्यावयाचा नाही. मात्र त्या ठरावापूर्वी गावाने आपले गटार कोठे जाते, हेही पाहिले पाहिजे. स्वतःचा नाला नदीत सोडून वरच्या शहरास जाब विचारणाऱ्याचा आवाज आपोआप दुबळा होतो.

शिक्षकांस या कामात मोठे स्थान आहे. विज्ञानाच्या तासाला पाण्याची आम्लता मोजणे, भूगोलाच्या तासाला गावाच्या ओढ्याचा नकाशा काढणे, नागरिकशास्त्राच्या तासाला ग्रामसभेपुढील अर्ज लिहिणे हे सारे अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसते.

प्रशासनाची कसोटी वेगळी आहे. निवेदन घेऊन येणारा नागरिक हा कामात अडथळा आणतो, असे मानण्याची सवय सोडावी लागेल. तो फुकट मिळालेला निरीक्षक आहे. नमुन्याचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, बरगे काढण्याच्या वेळा खालच्या गावांना आगाऊ कळविणे, सामायिक केंद्रात किती पाणी आले व किती बाहेर पडले याचे आकडे खुले ठेवणे, या गोष्टींना नवा कायदा लागत नाही. हे झाले तर अनेक याचिका दाखलच होणार नाहीत. उलट, दार बंद राहिले तर ती दाखल करणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूर येथे सुरू झाले असून शिरोळच्या शेतकऱ्यास न्यायासाठी मुंबई गाठण्याचे कारण उरलेले नाही.

शासन आणि चळवळ एकमेकांसमोर दोन तीरांवर उभी आहेत, ही समजूत पंचगंगेच्या अनुभवावर टिकत नाही. शासनाने १९६९ मध्येच कायदा केला, पण काठावरची माणसे बोलू लागेपर्यंत तो पुष्कळसा कागदावर राहिला. काठावरची माणसे बोलली, पण कायदा हाती नसता तर त्यांचे बोलणे वाऱ्यावर गेले असते. धोरण या दोहोंच्या मधल्या जागेत घडते आणि तेथेच मोडतेही. येत्या हिवाळ्यात बंधाऱ्यांना पुन्हा बरगे पडतील आणि पाणी अडेल. त्या पाण्याचा रंग कसा असेल, हे इचलकरंजीच्या केंद्रात किती पाण्यावर खरोखर प्रक्रिया होते आणि तेरवाडच्या नोंदवहीत काय लिहिले जाते, या दोन गोष्टींवर अवलंबून राहील.